पाण्याचा विसावा

कुणाच्याच आजोबांनी पाहिला नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात पाण्याचा ठणठणाट, अन् डोंगरमाथ्यावरच्या तळ्यात मात्र पाणी उदंड. राणीने गावच्या कुंभाराला सांगितलं, "खापरी नळ घालून पाणी खाली आण. उन्हाळ्याआधी आलं नाही, तर गाव उठवावं लागेल."

कुंभार हाडाचा कारागीर, आणि हट्टी तर विचारूच नका. त्याने नळ भाजले, सांधे चुन्याने लिंपले, पाणी सोडलं. बायकांनी घागरी भरल्या, पाणी थांबवायला तोटीला खुंटी मारली आणि अडलेल्या पाण्याच्या जोराने पायथ्याचा नळ फाडकन फुटला. त्याने दुप्पट जाड नळ घातले. तेही फुटले.

"आणखी जाड करतो! बघूच कोण जिंकतं ते," तो गरजला. आतून मात्र त्याची झोप उडाली होती. जिथे जन्मलो ते गाव आपल्यापायी उठणार, हे त्याला सोसवत नव्हतं.

एकदा तो आणि त्याची बायको मातीच्या पाट्या घेऊन डोंगर उतरत होते. मध्यावर एक चौथरा होता. ओझं घेऊन उतरणाऱ्याने तिथे टेकल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी गावाची रीत होती. बायको टेकली. कुंभार तणतणत पुढे निघाला.

"अहो, टेका की जरा! नाहीतर खाली पोचेपर्यंत पाय लटपटतील."

"मला वेळ नाही."

"पाण्यालाही तुम्ही असंच पळवताय. माथ्यापासून गावापर्यंत त्याला कुठे टेकू दिलंत?"

कुंभार मटकन खाली बसला. त्याला हसू आलं आणि रडूही.

त्याने चौथऱ्याशेजारी उघडा हौद बांधला. वरचं पाणी हौदात पडे, जोर तिथेच सोडी आणि नव्याने खाली निघे. हौद भरून वाहू नये म्हणून त्याने वाळका भोपळा दांडीला बांधला. पाणी चढलं की भोपळा वर येई आणि दांडी वरच्या नळाचं तोंड बंद करी. पाणी उतरलं की तोंड आपोआप उघडे.

पुन्हा घागरी भरल्या. पुन्हा खुंटी मारली. सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं. कुंभाराने डोळे घट्ट मिटले.

काहीच फुटलं नाही.

"उघडा आता डोळे," बायको म्हणाली, "आणि पाणी प्या." ओंजळभर पाणी पिऊन कुंभाराने मोठा सुस्कारा सोडला. गाव जागच्या जागी राहिलं.

तात्पर्य : अनावर जोराशी झुंजत बसू नये, त्याला वाटेत टेकायला जागा द्यावी.