मैनेचा चाफा

खूप खूप वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधी, डोंगरापायथ्याच्या एका गावात मैना नावाची सून आली. तिचं माहेर वर रानात. निघताना आईने तिच्या ओटीत नारळ-तांदळांसोबत एक छोटासा कंद घातला होता. मैनेने आल्या आल्या तो अंगणाच्या कोपऱ्यात लावला.

"काय लावलंस गं, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"चाफा, मामंजी."

तिच्या माहेरी भुईचाफ्याला नुसतं चाफाच म्हणत. तिला वाटलं, सगळीकडेच म्हणत असतील.

झालं! सासरे हरखले. त्यांना सावलीचा भारी सोस. त्यांनी बाज नव्याने विणून घेतली आणि चाफ्याखाली दुपारची झोप कशी काढणार, ते गावभर सांगून टाकलं.

पाऊस आला, पानं आली. वरून हिरवी, खालून जांभळी. पण गुडघ्याइतकी होऊन थांबली ती थांबलीच. कार्तिकात तर तीही वाळून मातीला मिळाली.

"मामा, सावलीत झोप लागते ना?" येणारे-जाणारे विचारू लागले. सासरे बिचारे मनाने लोण्यासारखे. चिडायचं सोडून ते कळशीभर पाणी घेऊन कोपऱ्याकडे निघाले.

मैना आडवी आली. "नको, मामंजी. तो झोपलाय. आता पाणी घातलंत तर कुजेल."

"झाड कधी झोपतं होय?" ते म्हणाले. झाड तर गेलं, पण पोरीचा जीव त्या कोपऱ्यात अडकलाय, एवढंच त्यांना कळलं. "त्यापेक्षा मी तिथे ओटा बांधतो. सावली नाही तर नाही, टेकायला तरी होईल."

मैना कोपऱ्यासमोरून हलली नाही. माहेरचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच होतं. "चैत्र सरू द्या," ती म्हणाली. "नाही आला, तर ओट्याची माती मीच कालवीन."

सासऱ्यांनी कबूल केलं. पण अर्धा चैत्र गेला आणि त्यांना राहवेना. एका सकाळी कुदळ खांद्यावर टाकून ते कोपऱ्याकडे निघाले, तोच वास आला. असा गोड, की ते जागीच थबकले. झाड शोधायला त्यांनी मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तसेच वर बघत पुढे पाऊल उचललं.

"मामंजी, पाय!" मैना ओरडली.

ते एका पायावर बगळ्यासारखे उभे राहिले. खाली, कोरड्या मातीतून, एकही पान नसताना, पांढरी-जांभळी फुलं वर आली होती.

"अगं, हा चाफा भुईतच फुलतो की!" सासरे म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मैनाही हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने हसली होती.

कुदळ गोठ्यात गेली. बाज मात्र तिथेच आली, आणि सासरे उन्हात, डोक्यावर उपरणं घेऊन, फुलांशेजारी झोपू लागले. पुढे कंदाला कंद फुटले, घरोघरी गेले. आजही त्या गावात चैत्रात कुणी खणायला निघालं, की आधी वाकून मातीचा वास घेतं.

तेव्हा लहानथोरांनो, वर दिसत नाही म्हणून ते संपलं, असं ठरवून कुदळ उचलू नये.