शून्याखालचा जिना

एकदा एका बंदरगावात संगणकाची विद्या शिकवणारे एक वयोवृद्ध गुरुजी राहत असत. त्यांच्या हाताखाली शाल्मली नावाची शिष्या तयार झाली होती. मुलगी हुशार, पण काम हातावेगळे करण्याची भारी घाई. घाईला कारणही होते म्हणा. कोळंबीचे व्यापारी होडेकरशेठ यांनी तिला तिचे पहिले स्वतंत्र काम दिले होते.

शेठच्या गोदामाच्या तळघरात शीतगृह होते. तिथला तापमापक अर्ध्या-अर्ध्या अंशाने मोजे. प्रोग्रॅम त्याचा पूर्ण आकडा करी, आणि तो उणे अठरापर्यंत चढला की भोंगा वाजे. जुना प्रोग्रॅम जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत होता, शाल्मलीने तो पीएचपी या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिला. दुपारी तो सुरू व्हायचा होता. भोंगा वेळेवर वाजला नाही तर हंगामाची कोळंबी नासणार, आणि शाल्मलीचे नाव पहिल्याच कामात बुडणार.

"दोन्ही भाषांतली गणिताची फंक्शन्स ताडून पाहिलीस?" गुरुजींनी विचारले.

"पाहिली, गुरुजी. आकडा पूर्ण करणारे राऊंड दोन्हीकडे आहे. अडीचचे दोन्हीकडे तीन होतात, साडेसातचे आठ. सगळे तंतोतंत जुळते."

गुरुजी उठले आणि तिला घेऊन थेट गोदामात गेले. तिथे त्यांनी शेठला आणि शाल्मलीला जिन्यावर उभे केले. तळमजला आणि पहिला मजला यांच्या बरोबर मध्ये.

"शेठ, तुमचा नियम असा की अर्ध्यावर असलात तर वर जायचे. शाल्मली, तू अर्ध्यावर असलीस तर तळमजल्यापासून लांब जायचे. चला."

दोघे वर गेले. गुरुजींनी त्यांना उतरवून पुन्हा तेच करायला लावले.

"गुरुजी, गुडघे माझे आहेत हो," शेठ धापा टाकत म्हणाले.

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, असेही क्षणभर तिच्या मनात येऊन गेले.

मग गुरुजींनी दोघांना तळमजला आणि तळघर यांच्या मधल्या पायरीवर आणले. "नियम तेच. चला."

शेठ वर निघाले. शाल्मली खाली उतरली. शीतगृहाच्या दारापाशी पोचून तिने वळून पाहिले, तर शेठ पार वर.

"उणे साडेअठरा," ती पुटपुटली. "जुना प्रोग्रॅम शेठसारखा वर जाऊन त्याचे उणे अठरा करायचा आणि भोंगा वाजवायचा. माझा माझ्यासारखा खाली उतरून उणे एकोणीस करील आणि गप्प बसेल."

"जमीन म्हणजे शून्य. तिच्या वर होतात तोवर तुमच्या नियमांतला भेद दिसलाच नाही," गुरुजी म्हणाले. "दिवसभर चढवले असते तरी दिसला नसता. तू ताडून पाहिलेस ते सगळे शून्याच्या वरचे, आणि शेठचा माल राहतो शून्याच्या खाली. दोन्ही भाषा आपापल्या नियमाला धरूनच आहेत, बाळ. तू तपासलेस मात्र भलत्याच मजल्यावर."

शाल्मली वर आली. "शेठ, आज सुरू करत नाही. माझी चूक राहिली आहे."

शेठ नाराज झाले. काम दुसऱ्या कुणाला देईन, असेही बोलून गेले. ती तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडून एकेक उणा आकडा तपासायला बसली.

आपले कुणाशी किती जुळते, हेही आपण बहुधा बरे दिवस असतानाच ताडून पाहतो.