नावाखालची ओळ

शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. शाळा माझी नववीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. गोष्टही साधीच आहे.

‘आता यात सुधारायला काय उरलं, भन्ते?’ सुगतने कॉम्प्युटरकडे बोट दाखवत विचारलं.

भन्ते कोरा चहा पीत होते.

त्यांचा विहार टेकडीवर. तिथे रेंज एवढी तोळामासा, की फोटो आणि जाहिराती पायथ्यालाच अडकत, वर येत ती नुसती अक्षरं. म्हणून भन्ते आपली टिपणं ज्या साध्या एडिटरमध्ये लिहीत, त्यातच मेल वाचत आणि त्यातच उत्तर देत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउसला हात लावायचा नाही, सगळा कारभार बटणांवर.

गावोगावची माणसं त्यांना मेल करत. कुणाला झोप नाही, कुणाला राग आवरत नाही, कुणाचं घरात पटत नाही. भन्तेंची नजर मंदावली, तेव्हा नेहमीच्या मेलना उत्तरं द्यायचं काम त्यांनी सुगतला दिलं.

सुगत नागपूरच्या सायबर कॅफेत तयार झालेला. बोटं अशी पळत, की स्वयंपाकघरातून पंचफुलाबाई ओरडायच्या, ‘काय बे, मुरमुरे भाजून राहिला का?’

आणि त्याला गर्व होता. उगाच नव्हता. तो एडिटर, त्यातला तो मेलचा प्रोग्राम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरची माणसं त्यात आपापली भर घालत. सुगतनेही घातली होती, आणि लोकांनी ती घेतलीही होती.

त्याची भर अशी. मेल लिहिणाऱ्याचं नाव आलं की मेल संपला. नावाखाली राहतो तो कचरा: फोन नंबर, सुविचार, कंपनीची सूचना, मागच्या मेलांचं शेपूट. सुगतने ते सगळं घडी घालून दडवलं होतं. नावाखाली दिसायचे फक्त तीन ठिपके.

‘पूर्वी एक मेल वाचेपर्यंत तुमचा चहा गार व्हायचा,’ सुगत म्हणाला. ‘आता बघा. हे बटण, मेल उघडला. हे बटण, उत्तर गेलं.’

‘आणि वाचायचं कोणत्या बटणावर?’

सुगत हसला. भन्तेंची थट्टा त्याला आवडायची. त्यांची एकच गोष्ट त्याला पटत नसे. मेल उघडला की म्हातारा थेट तळाला जायचा. आधी शेवटची ओळ, मग बाकीचं. सुगतला वाटायचं, हात थरथरतो, चुकीचं बटण दाबलं जातं. म्हणून तर त्याने तळच बंद करून टाकला होता.

‘आज कुणाला उत्तर दिलंस?’ भन्तेंनी विचारलं.

‘गजभिये काकांना. दुपारीच.’

गजभिये म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. त्यांचा मेलसुद्धा विषय आणि संदर्भ घालून यायचा.

‘काय म्हणतात?’

‘गुडघा दुखतो. दुसरं काय? दर आठवड्याला गुडघाच.’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘घरीच आराम करा. प्रवास टाळा. पायऱ्या तर अजिबात चढू नका. श्वासावर लक्ष ठेवा.’ सुगतने मान उंचावली. ‘बरोबर आहे ना?’

भन्तेंनी कप खाली ठेवला.

‘उघड तो मेल.’

सुगतने उघडला.

‘विषय: गुडघेदुखीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, उजव्या गुडघ्यास आराम नाही. शेक चालू आहे. तरी योग्य मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. आपला विश्वासू, शा. दे. गजभिये.’

त्याखाली तीन ठिपके.

भन्तेंनी हात लांब केला आणि पडद्यावर, त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

‘हे काय?’

‘काही नाही, भन्ते. नावाखालचा कचरा.’

‘कसला कचरा?’

‘पत्ता असेल. नाहीतर फोन नंबर.’

बोट हललं नाही.

सुगतने घडी उलगडली. खाली लिहिलं होतं:

‘ता. क. माझी मुलगी करुणा हिचे लग्न उद्या दहा वाजता आपल्याच विहारात आहे. मुलगा तिने निवडला. मला विचारले नाही, म्हणून मी येणार नाही असे बोलून बसलो. दोन महिने झाले. भन्ते, मी यावे का?’

बाहेर ओसरीवर करुणा आणि तिच्या मैत्रिणी पताका बांधत होत्या. सकाळपासून तिने तीनदा कठड्याशी येऊन खाली पायऱ्यांकडे पाहिलं होतं. सुगतने ते पाहिलं होतं. स्टूल हवं असेल असं समजून तो स्टूलही देऊन आला होता.

आता त्याने आपलं दुपारचं उत्तर पडद्यावर उघडलं.

यावे का? असं बापाने विचारलं होतं. आणि भन्तेंच्या नावाने उत्तर गेलं होतं: घरीच राहा. पायऱ्या चढू नका.

एडिटरमध्ये केलेलं सगळं मागे घेता येतं. त्यासाठी वेगळं बटण असतं. सुगतने ते दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावरचं त्याचं उत्तर अक्षर-अक्षर पुसलं गेलं, पार कोरं झालं. गेलेला मेल मात्र गेलेलाच राहिला.

‘फोन करतो,’ तो उठला.

‘त्यांना ऐकू येत नाही. म्हणून तर मेल लिहितात.’

‘मग मी जातो.’

‘गाव नदीपलीकडे. शेवटची एसटी गेली.’

सुगत पुन्हा बसला. ‘भन्ते, त्यांनी वाचलं असेल.’

‘असेल.’

‘म्हणजे ते येणार नाहीत. माझ्यामुळे.’

‘तुझ्या मेलमध्ये नावाखाली काही होतं?’

‘नाही. माझ्या मेलमध्ये खाली कधीच काही नसतं.’

‘मग त्यांना उत्तर अजून मिळालेलं नाही.’

‘म्हणजे?’ सुगतने विचारलं.

‘गुडघ्याचं विचारलं वर,’ भन्ते म्हणाले. ‘त्याला उत्तर आलं वर. लेकीचं विचारलं खाली...’

कप उचलून त्यांनी उरलेला चहा संपवला.

सुगत लिहायला बसला. आदरणीय काका, माझ्या हातून अक्षम्य चूक झाली. मी आपला मेल पूर्ण वाचला नाही. त्याचं कारण असं की, मी या प्रोग्राममध्ये एक सुधारणा केली होती... बोटं पळत होती. पडदा भरला. दुसराही भरू लागला.

पंचफुलाबाई रिकामा कप न्यायला आल्या. ‘एवढं काय लिहून राहिला, बाप्पा? कोणाची जमीन नावावर करून घेतो का?’

‘माफी मागतो, मावशी.’

‘एवढी मोठी? घेणाऱ्याले उचलली पाहिजे ना!’

भन्तेंनी विचारलं, ‘सुगत, उद्या कुणी यायचं आहे? त्यांनी, की तुझ्या चुकीने?’

सुगतची बोटं थांबली.

मग त्याने एक ओळ पुसली. मग दुसरी. सुधारणेची हकिकत गेली. अक्षम्य गेलं. आदरणीय गेलं. पडदा काळाभोर झाला, आणि त्यावर तळाशी एकटं भन्तेंचं नाव उरलं.

तो नावाखाली गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तिथे त्याने काही लिहिलं.

‘ता. क. या. गुडघा दुखत असेल तर त्यालाही घेऊन या.’

भन्तेंनी डोळे बारीक करून वाचलं. आणि ते हसले. तोंडात दोनच दात, पण असे मोकळे हसले, की ओसरीवरच्या पोरी आत डोकावल्या.

‘पाठव,’ ते म्हणाले.

मेल गेला.

मग वाट पाहणं. रेंज यायची, जायची. सुगत पुन्हा पुन्हा नवीन मेल बघायचं बटण दाबत होता. पडदा ढिम्म. पंचफुलाबाईंनी दोनदा दारातून विचारलं, ‘आलं का?’ कशाबद्दल, ते त्यांना माहीत नव्हतं. पण पोट्ट्याचा चेहरा पाहून त्यांनाही चैन पडेना.

उन्हं कलली तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटली. गजभिये.

सुगतने मेल उघडला. ‘विषय: उपस्थितीबाबत. महोदय, आपले पत्र पोहोचले. प्रकृती ठीक आहे. आपला विश्वासू...’

हे तो वाचतच नव्हता. तो तळाला पोहोचलासुद्धा होता.

‘ता. क. पहिल्या बसने निघतो. पायऱ्या फार आहेत का?’

सुगत उडी मारून उठला. खुर्ची मागे पडली. ‘भन्ते! येतात! ते येतात!’

‘पायऱ्यांचं विचारलंय त्यांनी,’ भन्ते म्हणाले.

सुगतने खुर्ची उचलली, बसला. वरती काहीच लिहिलं नाही. आपलं नाव टाकलं, यावेळी स्वतःचं. खाली लिहिलं:

‘ता. क. मी खाली उभा असेन.’

दिवेलागणीच्या आत त्याने आणखी एक काम उरकलं. स्वतः घातलेली घडी स्वतः काढून टाकली. मेल उघडला की थेट शेवटची ओळ समोर येईल, अशी नवी भर घातली. मग ती जगभरच्या त्या लोकांना पाठवली आणि कारण लिहिलं: ‘आमच्याकडे पत्र नावाखाली सुरू होतं.’

थोड्याच वेळात कुठल्या तरी दूरदेशातून उत्तर आलं. भर घेतली होती. कारणापुढे एकच ओळ होती: ‘आमच्याकडेही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगतने कॉम्प्युटर सुरू केला नाही. त्याने आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि पायथ्याला जाऊन सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहिला.

एसटी आली. गजभिये उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी, काखेत पिशवी. त्यांनी वर पाहिलं. पायऱ्या बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

सुगत त्यांच्याकडे पाठ करून खाली बसला.

‘बसा जी,’ तो म्हणाला.

ऐकू गेलं नव्हतं. पण पाठ दिसत होती.

अर्ध्या वाटेवर सुगतला दम लागला. तरी तो थांबेना. पाठीवरून गजभिये मोठमोठ्याने ओरडत होते, ‘अरे हळू! सरकारी फाईल एवढ्या जोरात वर जात नाही, बाबू!’

तो आवाज विहारापर्यंत पोहोचला. करुणा पांढऱ्या साडीत, हातातला हार तसाच घेऊन कठड्याकडे धावली. ‘बाबा!’ ती ओरडली. पंचफुलाबाई भाताचा झारा हातात घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांनी असा गलका केला, की मांडवातली सगळी माणसं कठड्याशी गोळा झाली.

सुगतने शेवटची पायरी चढून म्हाताऱ्याला अलगद लेकीपुढे उतरवलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. तो दारातच खाली बसला आणि हसत सुटला.

भन्ते हळूहळू त्याच्यापाशी आले. बापलेकीकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग सुगतच्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

‘सुगत,’ ते म्हणाले, ‘हे कोणत्या बटणावर ठेवलंस?’