घाट

“आणि नुसतं स्टिअरिंग ठेवून तुम्ही करणार काय, बुवा?”

अभिराम पोतनीस हे विचारत होता तेव्हा मठाच्या पायरीपाशी धुकं येऊन बसलं होतं. त्याच्या घरी महायुद्धातली एक जीप होती. गंजलेला सांगाडा आणून त्याने ती नव्याने उभी केली होती. बोल्टसुद्धा त्या काळचाच, अस्सल. अडलं होतं फक्त स्टिअरिंगवाचून. त्यासाठी त्याने मुलूख पालथा घातला होता, आणि ते सापडलं ते इथे. मठाची जीप कधीच भंगारात गेली होती, स्टिअरिंग तेवढं मागे उरलं होतं.

निरंजनबुवांनी विचारलं, “कुठे कुठे जाऊन आलास तिच्यातून?”

“जाऊन?” पोतनीस हसला. “ती रस्त्यावर काढायची गाडी नाही, बुवा. चिखल लागेल.”

“बरं. मग घेऊन जा.”

इतक्या सहज मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो जरा खट्टूच झाला. घासाघीस करायची सगळी तयारी वाया गेली.

ओसरीवर एकामागे एक दोन बाकडी होती. पुढच्यावर मठाचे जुने ड्रायव्हर गुलाबचाचा बसले होते. डोळे गेलेले, मांडीवर स्टिअरिंग. मागच्या बाकावर स्वयंपाकघरातल्या दोन बाया पदर आवरून बसल्या होत्या. बुवाही जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

पोतनीसने स्टिअरिंग घ्यायला हात पुढे केला.

चाचांना चाहूल लागली. “कोन हाय? बसा की. मागं जागा हाय.”

तो बसला. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा...

चाचांनी हवेतच गिअर टाकला.

धुकं दोन्ही अंगांनी मागे सरकू लागलं. ओल्या कारवीचा वास आला. खाली कुठेतरी पाणी वाजत होतं, ते जवळ आलं आणि मागे पडलं.

“वळन हाय. सांभाळा.”

बाया डावीकडे कलल्या. बुवा कलले. पोतनीसही कलला.

बाकाची कड आपण घट्ट धरली आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याला लाज वाटली. पण हात सोडवेना. कानाला वारा लागत होता. लहानपणी टपावर बसून जत्रेला गेला होता, त्यानंतर इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“थंडी वाजतीया का मागं?” चाचांनी विचारलं.

“नाही,” पोतनीसच म्हणाला.

...

मग त्याला आपलं काम आठवलं. घरी जीप वाट बघत उभी होती. तो अर्धवट उठला, चाचांच्या खांद्यावरून त्याने हात लांबवला. बोटं स्टिअरिंगला लागली. ते थरथरत होतं.

बुवांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

“तुझंच आहे ते,” ते हळू म्हणाले. “घाट तेवढा उतरू दे.”