माती माझी राहीना

टेकडीच्या उतारावर एक इवलंसं गांडूळ राहायचं. मातीत राहायचं, मातीत खायचं, मातीत हिंडायचं.

एके सकाळी बघतं तर काय? माती गेली! पोटाखाली नुसता खडक. डोक्यावर ऊन.

खाली ओढा धावत होता. खळखळ खळखळ! पाणी गढूळ गढूळ. गांडुळाची माती घेऊन चालला होता.

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ.

"ओढ्या ओढ्या, हळू जा!
माती माझी राहीना!"

ओढा म्हणाला, "मी नाही जाणार हळू. उतार पाणी अडवेल, तर मी हळू जाईन."

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ.

"उतारा उतारा, पाणी अडव!
ओढा हळू जाईना,
माती माझी राहीना!"

उतार म्हणाला, "मी नाही अडवणार. मी उघडा-बोडका. गवत मला धरेल, तर मी अडवीन."

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ.

"गवता गवता, उताराला धर!
उतार पाणी अडवेना,
ओढा हळू जाईना,
माती माझी राहीना!"

गवत म्हणालं, "मी नाही धरणार. वाढलो की चंद्री बकरी खाते. चंद्री मला सोडेल, तर मी धरीन."

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ. पाठ सुकायला लागली.

चंद्री चरत होती. कुरुम कुरुम!

"चंद्री चंद्री, गवत सोड!
गवत उताराला धरेना,
उतार पाणी अडवेना,
ओढा हळू जाईना,
माती माझी राहीना!"

चंद्री म्हणाली, "में! मी नाही सोडणार. गोदाक्का मला दुसरीकडे नेईल, तर मी सोडीन."

गांडूळ निघालं. वळवळ वळवळ. दमलं बिचारं.

चंद्रीची मालकीण गोदाक्का पळसाखाली बसली होती.

"गोदाक्का गोदाक्का, चंद्रीला ने!
चंद्री गवत सोडेना,
गवत उताराला धरेना,
उतार पाणी अडवेना,
ओढा हळू जाईना,
माती माझी राहीना!"

गोदाक्का म्हणाली, "कुठे नेऊ रे राजा? मला टेकडी सगळी सारखीच दिसते. नकाशावाली नलूताई जागा दाखवेल, तर मी नेईन."

गांडूळ निघालं. वळ... वळ... वळ...

नलूताई बांधावर उभी होती. कुठली माती राहते, कुठली वाहून जाते, त्याचा नकाशा रंगवत होती.

"नलूताई नलूताई, जागा दाखव!
गोदाक्का चंद्रीला नेईना,
चंद्री गवत सोडेना,
गवत उताराला धरेना,
उतार पाणी अडवेना,
ओढा हळू जाईना,
माती माझी राहीना!"

नलूताई खाली बसली. "अरे, तुझी पाठ किती सुकली!" तिने पळसाच्या पानात ओली माती घेतली. गांडुळाला अलगद आत ठेवलं.

"चल, बघू या," ती म्हणाली. हातात घेतला पाण्याचा तांब्या.

बांधापाशी पाणी ओतलं. गुडुप! सगळं जिरलं. "इथे हिरवा रंग."

शेतात ओतलं. थोडं जिरलं, थोडं पळालं. "इथे पिवळा."

उतारावर ओतलं. भळ्ळ! पाणी पळालं, माती पळाली. "इथे लाल!"

नलूताईने हाक मारून नकाशा दाखवला, "गोदाक्का, लाल जागेत चंद्रीला आणू नका. हिरव्या जागेत चरायला न्या."

"बरं बाई, आता कळलं!"

मग काय!

गोदाक्काने चंद्रीला नेलं.
चंद्रीने गवत सोडलं.
पाऊस आला, रिमझिम रिमझिम.
गवत वाढलं, लवलव लवलव.
गवताने उताराला धरलं.
उताराने पाणी अडवलं.
ओढा हळू गेला, झुळझुळ झुळझुळ.
माती राहिली!

इतके दिवस नलूताई पानावर पाणी शिंपडत होती. आता तिने पान उघडलं.

"जा बाळा, ही तुझी माती."

आधी डोकं गेलं. मग पोट गेलं. मग शेपूट गेलं.

शू... हळू बोला. गांडूळ झोपलंय.