निम्म्या पाण्याचा मुक्काम

वाळवंटाच्या टोकाला एक राज्य होतं आणि तिथे हमीर नावाचा एक नकाशेवाला होता. राजाने त्याला सरहद्दीवरच्या तळ्याचा आणि आसपासच्या मुलखाचा नकाशा काढायला पाठवलं. हमीर पहिली टेकडी चढला, दुसरी चढला, एकेक चढउतार नीट टिपून घेतला. तिसऱ्या टेकडीपाशी मात्र उन्हाने त्याचा जीव मेटाकुटीला आला. वाटेत भेटलेला मेंढपाळ म्हणाला, "पलीकडे तळं आहे." तेवढ्यावर हमीरने निळा रंग कालवला. तळं काढलं, घाट काढला, वर काठावर दोन बगळेही बसवले. राजा बेहद्द खूश झाला.

पुढल्या वर्षी एका गावच्या विहिरी आटत आल्या. बायकापोरांसकट चाळीस माणसांचा तांडा त्या तळ्याकाठी वस्ती करायला निघाला. वाट दाखवायला अर्थातच हमीर.

त्या मुलखात एक रीत होती. पखालींतलं पाणी निम्म्यावर आलं की उंट बसवायचे आणि पुढे जायचं की मागे फिरायचं ते ठरवायचं. त्यानंतर मागे फिरायला पाणी पुरत नसे. पाचव्या दिवशी दुसऱ्या टेकडीपाशी उंट बसले.

तांड्याची म्हातारी नायकीण पेमाबाई म्हणाली, "हमीर, पुढे पाणी आहे ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. हो म्हटलं तर अब्रू राहत होती. आणि असेलही तळं, मेंढपाळ कशाला खोटं बोलेल? तेवढ्यात एका बाईने तळं जवळ आलं म्हणून लेकीला घोटभर पाणी जास्त पाजलं. हमीरला ते बघवेना.

"मी तिसऱ्या टेकडीपलीकडे गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "तळं मी ऐकून काढलंय."

एकाने काठी उगारली.

"मारायचं ते घरी गेल्यावर मार," पेमाबाई म्हणाली. "आधी उंट फिरवा."

दोन सांडणीस्वार तेवढे पुढे पाहून आले. तळं होतं, पण त्यात नुसता मिठाचा थर होता. तांडा कसाबसा जिवंत परतला. हमीरची नोकरी गेली आणि लोक त्याच्याशी बोलेनासे झाले.

महिन्याभराने पेमाबाई त्याच्या दारात उभी राहिली. "उत्तरेला पाणी शोधायला निघालोय. चल."

"मला कशाला नेता?"

"ठाऊक नसेल तेव्हा ठाऊक नाही म्हणणारा कुणीतरी बरोबर हवा. तुला ते आता जमतं."

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतण्याआधी कबूल करावी, मग त्यात अब्रू गेली तरी चालेल.