राणीची शोकसभा

फार पूर्वी एका कॅरमबोर्डावर लाल राणी मधोमध बसून राज्य करायची. राणी भोकात गेली की मागोमाग एखाद्या सोंगटीने उडी घ्यायची, नाहीतर राणीला परत वर आणायचं, असा तिथला नियम होता.

"सत्ता माझी, तर पहिली उडीही माझीच," राणी नेहमी सांगायची. "ज्याचं प्रेम असेल तो मागून येईल." सोंगट्या माना डोलवायच्या.

एक दिवस राणीने खरंच उडी घेतली. खाली जाळीत तिने बराच वेळ वाट पाहिली, पण कोणी आलं नाही. नियमाप्रमाणे तिला वर आणलं, तर तिचीच शोकसभा चालू होती.

"बसा राणीसाहेब, अजून भाषणं बाकी आहेत," असं म्हणून काळी सोंगटी पुढे बोलू लागली, "राणीसाहेबांमागे जायला मी एका पायावर तयार होते."

"मग?" राणीने हळूच विचारलं.

"मग ही सभा कोणी घेतली असती?"